दिव्याला न दिसलेला दूधवाला

चौक गावाच्या अलीकडच्या वळणावर, रस्त्याला लागून असलेल्या दरडीवर मी दोन पावसाळे बसून काढले. त्या काळात येणारा-जाणारा प्रत्येक नवा माणूस मला पहिला प्रश्न एकच विचारायचा, "गाणी कवा लावनार?" त्यांचंही चुकत नव्हतं. बांबूच्या मचाणावर, ताडपत्रीखाली, रस्त्याकडे तोंड करून एक चौकोनी कर्णा बसवलेला दिसला, की माणसाला लग्न आठवणार, नाहीतर निवडणूक.

माझ्या कर्ण्यातून काहीच बाहेर पडत नव्हतं. तो ऐकायला बसवलेला होता. जगातली प्रत्येक ऊबदार वस्तू, मग ती माणूस असो, म्हैस असो की झाडाचा बुंधा, अतिशय क्षीण लहरी बाहेर टाकत असते. रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या, फक्त फार आखूड. त्यांना मायक्रोवेव्ह म्हणतात. आता मायक्रोवेव्ह म्हटलं की लोकांना स्वयंपाकघरातली पेटी आठवते, पण ती पेटी लहरी फेकते. आमचं यंत्र अंगावर काही फेकत नसे. जे आपणहून येईल तेवढंच घ्यायचं, असा त्याचा भिक्षेकऱ्याचा स्वभाव होता.

ऐंशी साल नुकतंच उलटून गेलं होतं. मी मूळची कळंबची, मुंबईच्या एका कॉलेजात पदवीनंतरचं संशोधन करत होते. माझ्या सरांचं म्हणणं असं, की धुक्यात आणि पावसात ड्रायव्हरचे डोळे निकामी होतात, पण या लहरी धुक्यातून आरपार येतात. तेव्हा आंधळ्या वळणावर असा कर्णा लावायचा. पायी चालणारा किंवा सायकलवाला वळणात शिरला की यंत्राला त्याची ऊब कळेल, आणि वळणाच्या अलीकडे खांबावर लाल दिवा लागेल. ड्रायव्हरने दिवा बघून गाडी हळू करायची, नाहीतर थांबवायची. सरांना असं एक वळण हवं होतं आणि चौकला माझी सख्खी मावशी राहत होती. सरांनी आधी मावशी पक्की केली आणि मग वळण शोधलं, असं मी अजूनही म्हणते.

मावशीचं हमरस्त्यावर चहा-भज्यांचं हाटेल होतं. घाट उतरून आलेले ट्रकवाले तिच्याकडे थांबत. तिचा आवाज असा, की ट्रकचा हॉर्नही दबून जावा. मी सामान घेऊन उतरले तेव्हा तिने कर्ण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढी शिकलीस आनि शेवटी रस्त्यावर बसायलाच आलीस व्हय गं?" मग लगेच पाटावर बसवून तांदळाची भाकरी वाढली. मावशीचं प्रेम नेहमी शिवीच्या मागून यायचं.

ते वळण खरंच वाईट होतं. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खाली ओढा, आणि मध्ये जेमतेम दोन ट्रक एकमेकांना घासून जातील एवढा रस्ता. कडेला माणसाने उभं राहावं अशी वीतभर जागा नाही. याच रस्त्याने डोंगराखालच्या वाडीवरच्या बायका मोळ्या घेऊन चौकला येत, खोपोलीच्या कारखान्यांत जाणारे सायकलवाले जात. आणि पावसाळ्यात दूधवाले दादा येत.

दादा दूध घालायचे चौकला, पण राहायचे ओढ्यापलीकडे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ते ओढ्यातल्या वाटेने यायचे, हमरस्त्याशी त्यांचा संबंधच नसे. पावसाळ्यात ओढा भरला की ती वाट बंद, आणि मग लांबचा वळसा घालून या वळणातूनच यावं लागे. आदल्या पावसाळ्यात एका ट्रकने त्यांना नुसतं ओझरतं पाडलं होतं. तेव्हापासून डावा हात कोपरात सरळ होत नव्हता. "औंदा पुरा घिऊन जाईल," असं ते हसत सांगायचे, पण त्यांची बायको तेव्हा हसत नसे. या दिव्याची वाट सगळ्यांत जास्त कोणी बघितली असेल तर त्या दोघांनी.

माझं यंत्र ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालायचं. ती बॅटरी उतरली की दादा आपणहून सायकलवर बांधून गॅरेजात न्यायचे आणि भरून परत आणायचे. वाकड्या हाताने ते धूड कसं पेलायचे, मला माहीत नाही. मी नको म्हटलं की म्हणायचे, "तुजा दिवा लागंल तवा माजंच भलं हाय, गं बाय." मी आज जी काही आहे, त्यात त्या बॅटऱ्यांचा वाटा आहे, आणि तो लहान नाही.

हिवाळ्यात दिवा लागायला लागला, आणि माझ्याच तोंडाने मी घोळ घातला. मोळीवाल्या बायकांना मी समजावून सांगितलं, की हे यंत्र माणसाच्या अंगातली ऊब ओळखतं. झालं. दोन दिवसांनी एक बाई सासूला धरून घेऊन आली आणि कर्ण्याखाली, ऐन रस्त्यात, उभी राहिली. म्हातारी कुडकुडत होती.

"हिचा ताप उतरला का बग," बाई म्हणाली.

मी वरून ओरडतेय की हे तापाचं यंत्र नाही, आणि त्या दोघी काही केल्या हलेनात. माणूस वळणात उभा म्हणजे दिवा लागलेला. दिवा लागलेला म्हणजे त्यापलीकडे ट्रक थांबलेले. एक ट्रक, दोन ट्रक, मग एस.टी. शेवटी एक ड्रायव्हर उतरला आणि तावातावाने वळणाच्या या बाजूला आला. समोर बघतो तर खरोखरच दोन बायका रस्त्यात उभ्या. त्याचा राग तिथेच विरला. त्याने कर्ण्याकडे बघून हात जोडले. मावशीच्या हाटेलात त्याने ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की आठवड्याभरात सगळ्या ट्रकवाल्यांच्या तोंडी एकच, "बत्ती जली तो बंदा है, नहीं जली तो रास्ता साफ." म्हातारीला मी मावशीकडून काढा पाजला आणि दवाखान्यात पाठवलं. त्यानंतरही कोणीतरी पोर काखेत घेऊन यायचंच. मी चिडायचे, मग नाडी बघायचे. आईच्याने, मला डॉक्टरकीचं काहीही येत नव्हतं.

दिव्याचा लोकांना लळा लागला. तो वळणाच्या पलीकडे असल्यामुळे चालणाऱ्याला स्वतःचा दिवा कधी दिसायचा नाही, म्हणून मोळीवाल्या वर बघून विचारायच्या, "आमचा लागला का गं?" मी हात हलवून सांगायचे, लागला. त्या खुशीत हसत पुढे जायच्या. म्हशीसाठीही लागतो असं कळल्यावर मात्र त्यांना जरा राग आला होता.

पावसाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, श्रावण लागला होता. पण त्या वर्षी पाऊस उशिरा जोरावर आला, आणि ओढा आदल्या रात्री पहिल्यांदा भरून वाहायला लागला होता. एका सकाळी धुकं एवढं दाट होतं, की मचाणावरून मला रस्ता फक्त ओला असल्याचं जाणवत होतं. खालून सायकलची घंटी ऐकू आली. दादांची घंटी मी ओळखत होते. मी काट्याकडे बघितलं. माणूस आला की वर चढणारा यंत्राचा काटा हलला नाही.

वाटलं तार सुटली असेल. तार जागेवर होती. दादा माझ्या अगदी खाली आले, सायकलच्या दोन्ही अंगांना दुधाच्या मोठ्या किटल्या, आणि काटा मेल्यासारखा पडलेला. त्याच वेळी वळणापलीकडून ट्रकचा आवाज आला. हळू न होणारा. दिवा लागलेला नव्हता, मग तो कशाला हळू होईल?

मी दरडीवरून उतरले की घसरले ते आठवत नाही. हातातली छत्री फिरवत, ओरडत मी रस्त्यात धावले. ट्रक करकचून थांबला. दादा सायकलसकट कडेला पडले, एक किटली उपडी झाली, आणि दूध रस्त्यावरच्या पाण्यातून पांढरं वाहत गेलं. माणूस शाबूत होता. ड्रायव्हर खाली उतरला. "बत्ती नहीं जली," तो मलाच परत परत सांगत होता, "बहनजी, कसम से, बत्ती नहीं जली."

त्याचं खरं होतं. माझा दिवा नसता, तर तो माणूस त्या धुक्यात जपूनच आला असता. माझ्या दिव्यावर विश्वास ठेवून तो सुसाट आला.

कारण मला दुपारपर्यंत सापडलं, आणि सापडल्यावर जेवण गेलं नाही. किटल्या पत्र्याच्या, आणि पत्र्याला स्वतःची ऊब दाखवता येत नाही. तो या लहरींसाठी आरसा असतो. वर जे आहे ते दाखवतो, आणि वर आभाळ असतं, अतिशय थंड. ट्रक आला की म्हणूनच आमचा काटा खाली पडायचा आणि माणूस आला की वर चढायचा. या फरकावरच तर यंत्र गाडी आणि माणूस वेगळे ओळखायचं. आता दादा म्हणजे एक गरम माणूस आणि दोन थंड, लखलखीत किटल्या. माणसाने काटा जेवढा वर ओढला, तेवढाच किटल्यांनी खाली ओढला. बेरीज शून्य. आदल्या दिवसापर्यंत ते ओढ्याच्या वाटेने येत होते, म्हणून हे कधी समोरच आलं नव्हतं. ज्या एका माणसाला दिवा सगळ्यांत जास्त हवा होता, नेमका तोच दिव्याच्या लेखी नव्हता.

मी दिव्यावर गोणपाट बांधून टाकलं आणि मावशीच्या हाटेलात जाहीर केलं, की आजपासून दिवा बंद. मोळीवाल्या बायकांनी कालवा केला. दादा कोपऱ्यात बसले होते. "माज्या एकट्यासाठी बंद नको करू," ते म्हणाले. मी त्यांना पत्रा, आरसा, आभाळ सगळं परत सांगितलं. मावशी भजी तळता तळता ऐकत होती. ती वैतागून म्हणाली, "उगड्या किटल्यांत आभाळ दिसतंय, तर घाला त्यांना इरलं आनि मिटवा की एकदाचं!"

इरलं म्हणजे आमच्याकडे लावणीच्या वेळी डोक्यापासून पाठीपर्यंत घेतात ते, बांबूच्या कामट्यांत पानं गुंफून केलेलं. मावशीने ते टोमण्यात म्हटलं होतं. पण ओली हिरवी पानं या लहरींना आरशासारखी परतवत नाहीत, उलट स्वतःची ऊब दाखवतात. दादांच्या बायकोने, काकीने, एका दिवसात किटल्यांच्या मापाची दोन छोटी इरली विणली. दुसऱ्या सकाळी दादा आले आणि काटा टुणकन वर गेला. मी दिव्यावरचं गोणपाट सोडलं. वाडीवरच्या बायका हसून हसून बेजार. "किटल्यांचं लगीन हाय काय, दादा?" असं त्यांना रोज ऐकावं लागायचं. पानं सुकली की काकी नवी घालायची. श्रावण-भादवा असेच गेले.

सरांना मी सगळं कळवलं. ते खूश झाले. रस्ते खात्याचे एक साहेब यंत्र बघायला येणार होते, त्यांना पसंत पडलं तर घाटातल्या आणखी वळणांवर असे दिवे लागणार होते. सर आदल्या दिवशी चौकला आले आणि म्हणाले, "तुमचे ते दूधवाले इरली घालूनच येऊ देत. नाहीतर त्या दिवशी न आलेलेच बरे. अडचण सुटलेली आहे, मग तिचा उल्लेख कशाला?"

मला भयंकर संताप आला. माणसाने यंत्राला दिसावं म्हणून नटून यायचं, आणि त्याला अडचण सुटली म्हणायचं! पण दुसरी बाजूही मला कळत होती. किटल्या उघड्या दाखवल्या तर दिवा नापास होईल आणि काढून नेतील. मग दादा त्या वळणात पुन्हा उघडेच. इरलीसकट का होईना, दिवा त्यांना राखत तरी होता. जीव त्यांचा होता, म्हणून मी त्यांच्याच घरी गेले आणि दोन्ही बाजू सांगितल्या.

दादा म्हशीला वैरण घालत होते. शेवटची पेंढी टाकून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "घाटात दुसऱ्या वळनावर दुसरा कोन दूधवाला असल. त्याला कोन सांगनार? आनि त्याच्या बायकोला इरलं इनता नाय आलं तर?"

काकी चुलीपाशी होती. सकाळी दादा निघाले तेव्हा किटल्यांवरची इरली तिने स्वतःच्या हाताने काढून ओसरीवर ठेवली, असं मला नंतर कळलं. ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

साहेब छत्री घेऊन आले आणि मचाणापाशी, दिवा आणि वळण दोन्ही दिसतील असे, उभे राहिले. कमी बोलणारा, थकलेला माणूस. मोळीवाल्या आल्या, दिवा लागला. कारखान्याचे सायकलवाले आले, दिवा लागला. साहेबांनी मान डोलावली, सर हसले. वळणाच्या दोन्ही टोकांना मी आधीच माणसं उभी केली होती. एका टोकाला मावशी लाल लुगडं फडकवत ट्रक अडवून होती आणि तिचा आवाज आम्हाला इथवर येत होता. मग दादा आले. किटल्या धुऊन पुसून लख्ख केलेल्या. सायकल हळूहळू वळणातून गेली, आणि खांबावरचा दिवा काळाच राहिला.

"यांना यंत्र बघू शकत नाही," मी म्हणाले. "आणि दिवा लागला नाही की ट्रकवाले रस्ता मोकळा समजतात."

सरांचा चेहरा मी बघितला नाही. साहेब दिव्याकडे बघत राहिले, मग दादांकडे. यंत्राबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. दादांनाच विचारलं, "तुम्ही या रस्त्याने येताच कशाला?"

"वड्याला पानी हाय, सायब."

"पाणी नसतं तेव्हा?"

"तवा खालच्या वाटंनं. आमी समदेच. ह्या बाया पन."

साहेब चिखलातून खाली ओढ्यापर्यंत गेले. बूट भरले. तिथे उभे राहून त्यांनी दोन्ही काठ बघितले, दादांना काहीबाही विचारलं, आणि चहा न घेता निघून गेले. दिवा नामंजूर झाला. दोन दिवसांत खांबही निघाला. सर कर्जतला गाडी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर इरली घालूनच आणलं असतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही नाही आणलंत ते बरं केलंत." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं पुढचं सगळं ओरडणं सोसलं. प्रबंधात किटल्यांचं प्रकरण त्यांनीच मला सगळ्यांत सविस्तर लिहायला लावलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ओढ्यावर साकव झाला. काँक्रीटचा, अरुंद, दोन्ही अंगांना कठडे असलेला. आम्ही कोणी मागितला नव्हता. मागायचं आम्हाला सुचलंच नव्हतं, आम्ही सगळे दिव्यातच गुंतलो होतो. त्या साहेबांना मी पुन्हा कधी भेटले नाही. आज ते जिथे असतील तिथे त्यांना माझा नमस्कार पोचो.

पुढच्या पावसाळ्यात उरलेली मोजमापं घ्यायला मी परत दरडीवर आले. आता दिवा रस्त्यावर नव्हता, फक्त काटा होता, माझ्यापुरता. मोळीवाल्या रस्त्याने दिसेनाशा झाल्या होत्या. एका धुक्याच्या सकाळी मला घंटी ऐकू आली. मी काट्याकडे बघितलं. काटा जागचा हलला नाही. छत्री उचलून मी रस्त्यावर धावले.

रस्त्यावर कोणी नव्हतं. घंटी खालून येत होती. साकवावरून दादा सायकल चालवत येत होते, सावकाश, मधोमध, दोन्ही किटल्या उघड्या आणि चमकत. त्यांच्या मागून मोळ्यांची रांग. वर हमरस्त्यावरून एक ट्रक सुसाट गेला आणि त्याने कोणालाच काही केलं नाही. मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि रडले, सुखाने. उघड्या किटल्या घेऊन येणाऱ्या दादांबद्दल माझ्या यंत्राने पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं. रस्ता रिकामा होता.